कॅस्टरच्या सहा ताऱ्यांचा हिशेब

गेल्या अंकात मिथुन राशीवर लिहिताना जाता जाता मी एक वाक्य टाकलं होतं की कॅस्टर दिसायला एक तारा असला तरी ते सहा ताऱ्यांचं बिऱ्हाड आहे. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचं सदर त्याच पत्रांना. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गावं तेवढी देते.

प्रश्न (कराड, बी.एस्सी. दुसरं वर्ष): मॅडम, कॉलेजच्या सहा इंची दुर्बिणीतून कॅस्टर पाहिला. अगदी चिकटलेले दोन तारे दिसले आणि जरा लांब एक अंधुक ठिपका. म्हणजे झाले तीन. बाकीचे तीन कोणी पाहिले? आणि जे तारे वेगळे दिसतच नाहीत, त्यांचं वस्तुमान पुस्तकात इतक्या खात्रीनं कसं देतात?

अरे, तुझे तीन बरोबर आहेत. चिकटलेल्या दोघांना एकमेकांभोवती एक फेरी घालायला साडेचारशे वर्षांच्या आसपास लागतात. ते नुसते शेजारी दिसत नाहीत, खरोखरच एकमेकांना बांधलेले आहेत, हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवलं. १७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासून आजवर त्या फेरीचा पाऊण हिस्साही उरकलेला नाही. लांबचा अंधुक ठिपका म्हणजे कॅस्टर सी, उर्फ वायवाय जेमिनोरम. आणि या तिन्ही ठिपक्यांत प्रत्येकी दोन तारे आहेत. पहिल्या जोडीची फेरी ९.२ दिवसांची, दुसरीची २.९ दिवसांची, आणि कॅस्टर सीमधली जोडी तर साडेएकोणीस तासांत फेरी उरकते.

या जोड्या दुर्बिणीला डोळा लावून कोणी सुट्या पाहिलेल्या नाहीत. कॅस्टर सीचंच घे. पन्नास प्रकाशवर्षांवरून त्या दोन ताऱ्यांमधलं अंतर एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) हजाराव्या भागाच्या आसपास भरतं. सहा इंची दुर्बीण जेमतेम पाऊण विकलेपर्यंत पोचते, तीही हवा स्थिर असेल तर. तेव्हा दुर्बीण मोठी कर, उंचावर ने, काहीही कर, ठिपका एकच राहणार. दोन दिसतात ते वर्णपटात, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत पसरवल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात.

तुमच्या प्रॅक्टिकलला ग्रेटिंग, म्हणजे उजेड रंगांत पसरवणारी बारीक रेषांची काच, आणि सोडियमचा दिवा असतोच. इंचाला पंधरा हजार रेषांचं ग्रेटिंग, प्रिझम टेबल समपातळीत आणताना गेलेला निम्मा तास, आणि शेवटी त्या दोन पिवळ्या रेषा: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. त्या सुट्या दिसल्या की जर्नलवर सही. ही ०.६ नॅनोमीटरची फट डोळ्यांत ठेव, आता तिचंच काम आहे.

कॅस्टर सीमधले दोघेही लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड तांबडे तारे आहेत आणि जवळजवळ एकसारखे. तुझ्या पुस्तकात हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा काळी काढलेली असेल. या दोघांत ती उजळ आहे, कारण दोघांचं चुंबकत्व फार चळवळं आहे आणि पृष्ठभागावर सारखे भडके उडत असतात. फिरताना एक आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा लांब जात असतो. येणाऱ्याची रेषा निळ्याकडे सरकते, जाणाऱ्याची तांबड्याकडे. एका रेषेच्या दोन होतात. पाच तासांनी दोघे आडवे सरकत असतात, तेव्हा पुन्हा एकच. आणखी पाच तासांनी परत दोन, पण आता बाजू बदललेल्या. जिथं असं घडतं त्या जोडीला वर्णपटीय युग्मतारा म्हणायचं.

दोन रेषा एकमेकींपासून सगळ्यात लांब गेल्यावर प्रत्येक ताऱ्याचा वेग सेकंदाला १२१ किलोमीटर भरतो, म्हणजे सातारा-पुणे सेकंदाभरात, वर बाकी उरते. या वेगाला ६५६.३ची रेषा ०.२६ नॅनोमीटर सरकते. एक इकडे, एक तिकडे, म्हणजे मधली फट ०.५३. तुझ्या सोडियमच्या फटीपेक्षा किंचित कमी! तत्त्वतः तुमच्या प्रयोगशाळेतल्या ग्रेटिंगचा दोन-अडीच मिलिमीटर भाग उजळला, तरी एवढी फट सुटी व्हायला हवी.

मग अडतं कुठं? उजेडात. कॅस्टर सी नवव्या प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा वाढला की तारा फिका), नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी मंद ताऱ्यापेक्षाही सोळा पट फिका. तो उजेड वर्णपटात पसरवला की एकेका रेषेच्या वाट्याला येतं ते चिमूटभर. केंब्रिजच्या रॉजर ग्रिफिन यांनी १९६७ मध्ये यावर जी युक्ती काढली, ती मला फार आवडते. स्वाती ताऱ्याचा वर्णपट घेऊन त्यातल्या रेषांच्या जागी बारीक फटी असलेली एक पट्टी त्यांनी बनवली. दुसऱ्या ताऱ्याचा वर्णपट त्या पट्टीवरून हळूहळू सरकवायचा. सगळ्या काळ्या रेषा सगळ्या फटींवर एकदम बसल्या की पलीकडे जाणारा उजेड झपकन उतरतो. किती सरकवावं लागलं तोच वेग. एकेका रेषेच्या मागं न लागता शेकडो रेषांचं एकत्रित मत घ्यायचं. या पद्धतीनं त्यांनी पुढं जोडताऱ्यांच्या कक्षांवर दोनशेहून जास्त लेख लिहिले, एका मासिकात, ओळीनं. काही ताऱ्यांची एक फेरी पुरी व्हायला वर्षानुवर्षं जातात, तेवढा काळ ते त्या ताऱ्याची नोंद घेत राहिले. आपल्याकडे मोठ्या शोधाच्या बातम्या होतात, पण अशा नोंदवहीला कोणी विचारत नाही.

आता वजन. कागद घे, हा हिशेब तुला जमेल. वेग १२१, फेरीचा काळ ७०,३५० सेकंद. गुणाकार केलास की एका ताऱ्याच्या वर्तुळाचा परीघ निघतो, सुमारे ८५ लाख किलोमीटर. २π ने भाग, त्रिज्या साडेतेरा लाख. दोघांचे वेग सारखेच आहेत, म्हणून दोघांतलं अंतर त्याच्या दुप्पट: २७ लाख किलोमीटर. आपला चंद्र आहे त्याच्या सातपट लांब, बस्स! हे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या एककात ०.०१८१, काळ वर्षांत ०.००२२३. केप्लरच्या नियमानं अंतराच्या घनाला काळाच्या वर्गानं भाग. १.२ येतं. दोघांचं मिळून वस्तुमान १.२ सूर्य, म्हणजे प्रत्येकी ०.६.

प्रत्येकी का, तर फुगडी आठव. सारख्या वजनाच्या दोघी असतील तर मधला बिंदू बरोबर मध्यावर राहतो. एक जड असेल तर ती जागच्या जागी फिरते आणि हलकी मोठ्या घेरात भिरभिरते. वेगांचं गुणोत्तर उलटं केलं की वजनांचं गुणोत्तर, यात कसलीही अटकळ नाही.

अटकळ आहे ती दुसरीकडे, आणि पुस्तकं ती घाईनं उरकतात म्हणून इथं थांबते. वर्णपटातून कळतो तो फक्त आपल्या दिशेनं येण्या-जाण्याचा वेग. कक्षा आपल्याला आडवी, म्हणजे कडेवरून दिसत असेल तर हा वेग पूर्ण मिळतो. कक्षेचा कल ९०ऐवजी ३० अंश असेल तर वेग निम्मा मिळतो, आणि वस्तुमानाच्या सूत्रात हा निम्मा तीनदा गुणला जातो. म्हणजे खऱ्या वस्तुमानाचा आठवा भाग हाती! नुसत्या वर्णपटावरून काढलेलं वस्तुमान हे नेहमी ‘किमान इतकं’ असतं. कोणी त्यापुढं ‘किमान’ लिहिलं नसेल तर आपल्या मनानं लिहून घ्यायचं.

कॅस्टर सीच्या बाबतीत नशीब असं की हे दोघे एकमेकांना ग्रहण लावतात. व्हान गेंट या डच खगोलशास्त्रज्ञाला हे १९२६ मध्ये आढळलं. ग्रहण लागतं म्हणजे कक्षा जवळजवळ कडेवरून दिसते. कल ८६ अंश, घट नगण्य. वर, ग्रहण किती वेळ चालतं आणि उजेड किती उतरतो यावरून त्रिज्याही मिळते: सूर्याच्या सुमारे ०.६२ पट. वर्णपट आणि ग्रहण दोन्ही असलेली लाल बटूंची जोडी म्हणजे या विषयातलं घबाडच.

तुला करून बघायचं असेल तर ग्रहणापासून सुरुवात कर. दर पावणेदहा तासांनी एक ग्रहण होतं, उजेड सुमारे अर्ध्या प्रतीनं उतरतो. दुर्बिणीला साधा कॅमेरा लावून दर दोन मिनिटांनी फोटो घ्यायचा आणि शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तुलना करायची. खुद्द कॅस्टरचा झगमगाट आड येईल. त्याला फोटोच्या चौकटीबाहेर ठेव. कारखान्यांचा हंगाम आणि मिथुन रास एकदमच डोक्यावर येतात, त्यामुळे रात्री कोणी पाचट पेटवलं की त्या दिवशीची नोंद गेली समज. हा आपल्या भागाचा खास त्रास.

आणि कधी खऱ्या वर्णपटावर काम करायची संधी मिळाली तर एक लक्षात ठेव. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं पळते आहे. तिच्या स्वतःभोवती फिरण्यानं कराड-सातारा सेकंदाला सुमारे ४४० मीटर सरकतात. हे दोन्ही वेग आधी वजा करायचे, मगच ताऱ्याबद्दल बोलायचं.

प्रश्न (वाई): आमच्याकडे लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवतात. मुलगा म्हणतो, वसिष्ठ हाच मुळी एक तारा नाही, त्याच्यातच जोडी आहे. भटजींसमोर म्हणाला, म्हणून जरा ओशाळल्यासारखं झालं. खरं आहे का हे?

ताई, खरं आहे, आणि मुलगा तरी थोडक्यातच थांबला. सप्तर्षींतला वसिष्ठ साध्या दुर्बिणीतून पाहिला तर दोन तारे दिसतात. त्यातला मोठा पुन्हा दोन, छोटाही पुन्हा दोन. म्हणजे वसिष्ठ एकूण चार. अरुंधतीलाही एक मंद लाल बटू सोबती आहे, तो २००९ मध्ये सापडला. भटजींना म्हणावं, मंत्र तेच राहू द्या, काही बिघडत नाही.

या विषयाचा जन्मच वसिष्ठापासून झाला. हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो असलेल्या काचेच्या पट्ट्या जमा होत होत्या. वसिष्ठाच्या पट्ट्यांवर कॅल्शियमची एक रेषा कधी एकेरी, कधी दुहेरी दिसते, असं वेधशाळेचे प्रमुख एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये जाहीर केलं. वर्णपटावरून ओळखलेला हा पहिला जोडतारा. तिथंच काम करणाऱ्या अँटोनिया मॉरी यांना लगेच दुसरा सापडला, सारथी तारकासमूहातला, ब्रह्महृदयाच्या शेजारचा ठळक तारा. त्याच्या रेषा तर रात्रीगणिक बदलत होत्या, कारण त्याची फेरी चार दिवसांना जरा कमी आहे. हार्वर्डच्या त्या खोलीत पट्ट्या तपासणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, पगार तुटपुंजा. नाव बऱ्याचदा साहेबाचं व्हायचं, हेही सांगून ठेवते.

वसिष्ठाच्या फेरीचा काळ पिकरिंग यांनी आधी १०४ दिवस धरला होता. १९०१ मध्ये जर्मनीत पोट्सडामच्या हेर्मान फोगेल यांनी जास्त पट्ट्या घेऊन तो साडेवीस दिवसांवर आणला. एवढा फरक का पडावा? कक्षा बरीच लंबुळकी आहे. दोघे जवळ येतात तेव्हा झपाट्यानं निसटतात, रेषा सगळ्यात लांब जातात त्या थोड्याच दिवसांत. नेमक्या त्याच दिवसांचे फोटो नसतील तर मधल्या फेऱ्या गळून जातात. आपल्याकडच्या निरीक्षकाला हे लगेच पटेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महाबळेश्वर-वाई पट्ट्यात आकाश दिसतच नाही, मग एका वर्षाच्या आसपास फेरी असलेला जोडतारा इथून मोजायला घेतला तर त्याच्या कक्षेचा तोच तुकडा दर वर्षी ढगात जाणार. अशा वेळी दुसऱ्या मुलखातल्या वेधशाळेशी सोयरीक लागते.

वसिष्ठ बघायला मे महिन्यातली रात्रीची नऊ-दहाची वेळ उत्तम. उत्तरेला तोंड केलं की सप्तर्षी चांगले उंच असतात.

प्रश्न (तासगाव, द्राक्ष बागायतदार): शेतीची लाईट रात्रीची असल्यानं मोटारीपाशी बसून आकाश बघायचा नाद लागला. तुम्ही सूर्याला बटू तारा म्हणता ते कसं? त्याला जोडीदार का नाही? आणि हे सगळं मोजून होतं काय?

दादा, पोटात हायड्रोजन जाळत शांतपणे नांदणाऱ्या सगळ्या ताऱ्यांना खगोलशास्त्रात बटूच म्हणतात, मग तो सूर्य असो की लाल बटू. फुगून राक्षसी झालेल्या ताऱ्यांच्या मानानं ते लहान, एवढाच अर्थ. श्वेत बटू मात्र वेगळी जात, ते विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे.

सूर्याला जोडीदार का नाही, याचं उत्तर आकड्यांत आहे. आपल्या आसपासचे सूर्यासारखे ४५४ तारे तपासून २०१० मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात ५६ टक्के एकटे निघाले, ३३ टक्के जोडीनं, आणि उरलेले तिघं किंवा जास्त. म्हणजे सूर्य बहुमतातच आहे. लाल बटूंत तर जोडीदार असलेले फक्त चौथाईच्या आसपास. सूर्याचा लपलेला सोबती कुठं असावा अशी शंका मध्यंतरी फार चघळली गेली. पण वाइज या अवकाश दुर्बिणीनं सगळं आकाश चाळलं आणि पृथ्वी-सूर्य अंतराच्या २६,००० पटींपर्यंत गुरूएवढंही काही सापडलं नाही. मग ताऱ्याची काय कथा.

राहिला तिसरा प्रश्न. द्राक्षाला याचा उपयोग शून्य, डाऊनी रोगावर काही निघणार नाही. पण तारा तराजूत घालता येत नाही. दुसरी वस्तू त्याच्याभोवती फिरत असेल तरच त्याचं वस्तुमान थेट मिळतं. बाकी एकट्या ताऱ्यांची वस्तुमानं आपण रंगावरून, तेजावरून लावतो, आणि ते कोष्टक मुळात या जोड्यांवरून बनवलेलं असतं. कोष्टकात गडबड असेल तर सगळीकडे गडबड. आणि गडबड आहे. लाल बटूंच्या जोड्या नीट मोजल्यावर त्या सिद्धांतापेक्षा काही टक्क्यांनी फुगलेल्या निघतात, कॅस्टर सीसुद्धा. चुंबकत्वामुळं आतली उष्णता बाहेर यायला अडते, पृष्ठभागावर डाग वाढतात, म्हणून तारा फुगतो, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. पण इतक्या जवळच्या जोड्यांत दोघांनी एकमेकांना गरगर फिरवलेलं असतं, आणि चुंबकत्व त्यानंच वाढतं. तेव्हा एकट्या, निवांत लाल बटूला हाच नियम तसाच लावू नये असं माझं मत.

लाल बटूभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडला अशी बातमी वाचाल तेव्हा हे आठवा. ग्रहाचा आकार ताऱ्याच्या आकारावरून काढतात. तारा दहा टक्के मोठा निघाला तर ग्रहही तेवढाच मोठा. किंबहुना ग्रहांचा शोधही याच वाटेनं आला. स्वित्झर्लंडचे मिशेल मायोर १९९१ पर्यंत सूर्यासारख्या ताऱ्यांचे जोडीदार मोजत होते. उपकरण आणखी तल्लख केल्यावर १९९५ मध्ये त्यांना आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी हा तारा सव्वाचार दिवसांच्या तालात सेकंदाला जेमतेम साठेक मीटर मागंपुढं होताना दिसला. एवढा हलका जोडीदार म्हणजे तारा नव्हे, ग्रह. २०१९चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

आपल्या देशातही हे काम चालतं. माउंट अबूच्या गुरुशिखरावर १.२ मीटरच्या दुर्बिणीला ‘पारस’ नावाचा वर्णपटमापक जोडलेला आहे, निर्वात टाकीत, तापमान काटेकोर सांभाळून. त्यावर २०१४ मध्ये एचडी २१३५९७ या ताऱ्याचा लाल बटू सोबती मोजला गेला. इथं सोबत्याची रेषा दिसतच नाही. मोठ्या ताऱ्याची तेवढी २.४ दिवसांच्या तालात झुलते. ग्रहणांची जोड देऊन सोबत्याचं वस्तुमान निघालं सूर्याच्या ०.२९ पट.

प्रश्न (मिरज, इयत्ता नववी): जुन्या सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं. त्यातून ताऱ्याचा वर्णपट बघता येईल का?

ताऱ्याचा नाही, दिव्याचा येईल. सीडीवरच्या खाचा १.६ मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे मिलिमीटरला सव्वासहाशे. चांगलं ग्रेटिंग झालं की! खोक्याला एका टोकाला ब्लेडनं बारीक फट पाड, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा तिरका लाव, वरच्या भोकातून बघ. जुना सीएफएल दिवा कुठं मिळाला तर सुट्या रंगीत रेषा दिसतील. एलईडीचा पट्टा सलग दिसेल. दोन्हींची चित्रं वहीत शेजारी शेजारी काढ. सूर्याकडे मात्र खोकं धरायचं नाही. सूर्यप्रकाशात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे धर. फट पुरेशी बारीक असेल तर त्या पट्ट्यात एक-दोन काळ्या रेषा दिसतील. दिसल्या तर कुठल्या रंगात आहेत ते लिहून पाठव, नावं मी सांगते.